घरोपयोगी शास्त्र : निद्रा न मिळणारे यंत्र



आपल्या गावांतून टेबलावरचा संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, जमिनीच्या उताऱ्याची नक्कल, परगावी गेलेल्या लेकाशी बोलणे, धर्मग्रामाच्या कार्यालयातील स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदींची सूची, ही सर्व कामे त्यावर होतात. परंतु त्याच्या दिवसाचा हिशेब मांडला तर असे आढळते की, खऱ्या कामाचा वेळ थोडा आणि नुसते चालू राहण्याचा वेळ फार. पत्र अर्धे लिहून झाले, दारी कोणी आले, बोलणे लांबले. तोवर यंत्र तसेच चालू. ह्या रिकाम्या वेळात ते प्रमाणाबाहेर वीज खात असेल, तर त्याचे मूळ कसे शोधावे, हा आजचा विषय होय.

विषय क्षुल्लक वाटेल, परंतु हिशेब क्षुल्लक नाही. रिकाम्या वेळी अवघे 30 वॉट जादा जात असतील आणि यंत्र रोज 10 तास, असे वर्षाचे 300 दिवस चालत असेल, तर ती वीज 90 युनिट भरते. तेच यंत्र रात्रंदिवस चालू ठेवण्याची सवय असेल, तर वर्षाला सुमारे 263 युनिट होतात. गोव्यात वीज खाते, बेळगावकडे हेस्कॉम, इंदुरास पश्चिम क्षेत्राची वीज कंपनी. ज्याचा त्याचा दर निराळा, म्हणून रुपये प्रत्येकाने आपापल्या बिलावरून काढावेत.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर बसणाऱ्यास मात्र हा प्रश्न पैशापेक्षा वेळेचा असतो. समजा, बॅटरीतून प्रत्यक्ष 1200 वॉट-तास मिळतात. संगणक, पडदा, दिवा व पंखा मिळून 150 वॉट लागत असतील, तर ती 8 तास पुरेल. त्यातले 30 वॉट वाचले, तर 10 तास. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या दोन तासांचे मोल काय, हे ज्या घरी विद्यार्थी आहे त्या घरास सांगावयास नको.

याहून मोठी हानी निराळीच आहे. यंत्र तापते, पंखा सतत घोंघावतो, बिल वाढते. मग कोणीतरी सहज सांगून जातो की, प्रोसेसर बिघडला, नवा घाला. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, आणि त्याची किंमत साध्या कुटुंबास झेपणारी नसते. वस्तुस्थिती अशी की, प्रोसेसर स्वतः बिघडून रिकाम्या वेळी जास्त वीज खाऊ लागला, असे क्वचितच घडते. बहुधा त्याला कोणीतरी निजू देत नसते. ज्याला झोप मिळत नाही त्यालाच उधळा ठरवून घराबाहेर काढायचे, आणि जागवणारा मात्र घरातच ठेवायचा, असा तो न्याय होतो. नवा प्रोसेसर आणला तरी तोही जागाच राहतो, आणि पैसे गेले ते गेलेच.

प्रोसेसर विसावतो कसा

प्रोसेसरच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म कळा असतात. त्यांची उघडझाप एका ठेक्यावर चालते, आणि प्रत्येक उघडझापेस थोडी वीज लागते. ही वीज ठेक्याच्या वेगाबरोबर वाढते, आणि विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब 0.9 वरून 1.35 व्होल्टवर नेला, तर तो दीडपटच झाला असे वाटते. पण दीडाचा वर्ग सव्वादोन, म्हणून त्याच कामास वीज सव्वादोन पट लागते. शिवाय कळ बंद असतानाही तिच्यातून वीज किंचित झिरपत राहते. गळका नळ बंद असूनही थेंब टाकतो, तसाच हा प्रकार. दाब व उष्णता जितकी अधिक, तितके हे झिरपणे अधिक.

ह्यावर उपाय म्हणून प्रोसेसरला निद्रेच्या पायऱ्या दिलेल्या आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी डिसेंबर 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय नावाच्या नियमावलीने ह्या पायऱ्यांना सी-0, सी-1 अशी नावे दिली. सी-0 म्हणजे पूर्ण जागृती. सी-1 म्हणजे हातातले काम थांबवून डोळे मिटणे. पुढे कारखानदारांनी आणखी खोल पायऱ्या जोडल्या. सी-6 ह्या पायरीवर कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील एकेक कामकरी विभाग, आपले स्मरण बाजूला नोंदवून ठेवतो आणि मग त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो. इंटेलने टेबलावरील संगणकांसाठी ही सोय नोव्हेंबर 2008 मध्ये कोअर आय-7 ह्या प्रोसेसरात आणली. वीजच तोडली की उघडझाप नाही, आणि झिरपणेही जवळजवळ नाही.

परंतु ह्यात एक अट आहे. एकेक कोअर निजला म्हणजे संपूर्ण प्रोसेसर निजला, असे होत नाही. सर्वांचा मिळून असलेला सामाईक भाग शेवटचा कोअर झोपेपर्यंत जागाच राहतो. घरातील शेवटचा माणूस अंथरुणावर पडेपर्यंत ओसरीवरचा दिवा मालवता येत नाही, तद्वत् हे आहे. आठांपैकी सात गाढ झोपले आणि एकास कोणी दर क्षणी हाका मारीत राहिले, तर दिवा रात्रभर जळतो. यास्तव आपला शोध हा बहुधा त्या हाका मारणाऱ्याचा शोध असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडद्यावर प्रोसेसरचा वेग रिकाम्या वेळीही चार-साडेचार गिगाहर्ट्झ दिसला, की पुष्कळ जण घाबरतात. कोअर जर बहुतेक वेळ सी-6 मध्ये असेल, तर त्या आकड्यास फारसा अर्थ नाही. झोपलेल्या माणसाच्या चालण्याचा वेग मोजण्यासारखेच ते आहे. पाहावयाचे ते हे की, तो झोपतो किती.

एकाच्या भयाने सर्वांस जागरण

निद्रेची सोय असून ती बंद का ठेवलेली असते, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. प्रोसेसरला थांबवणारी 'हॉल्ट' नावाची आज्ञा 1978 च्या इंटेल 8086 मध्येही होती. तथापि 1995 साली आलेली विंडोज 95 ही प्रणाली रिकाम्या वेळी तिचा उपयोग करीत नसे. त्या वेळच्या काही जातींच्या लॅपटॉपवर ही आज्ञा दिली की यंत्र असे गोठे, की पुन्हा हालत नसे. कोणते यंत्र गोठेल हे आधी कळत नसल्यामुळे मायक्रोसॉफ्टने ती आज्ञा सर्वांसाठीच वगळली. थोड्यांच्या व्याधीपायी सर्वांस जागरण घडले.

हीच कथा पुढे पुन्हा घडली. 2013 साली इंटेलचे हॅसवेल घराण्यातील प्रोसेसर आले. खोल निद्रेत ते 12 व्होल्टच्या वाहिनीवरून इतकी थोडी वीज घेत, की पुष्कळ जुने पॉवर सप्लाय, म्हणजे पेटीतील वीज पुरवणारे डबे, इतक्या अल्प भारावर स्थिर राहू शकत नसत. यंत्र मध्येच बंद पडू नये, म्हणून काही मदरबोर्डांवर ती निद्रा मुळातच बंद ठेवण्यात आली. 2017 साली आलेल्या एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरांपैकी काही रिकाम्या वेळी गोठत. मग त्या मदरबोर्डांवर 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाची नवी कळ आली. ती 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवली की प्रोसेसर फार खोल झोपत नाही, आणि गोठतही नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, निद्रा बंद ठेवणारा प्रत्येक वेळी मूर्ख असतो असे नाही. कोणीतरी कधीतरी काही कारणासाठी ती बंद केलेली असते. ते कारण आज आपल्या घरी उरले आहे की नाही, एवढेच आपण तपासायचे.

आधी माप, मग निदान

संशयावरून दोष लावू नये, ही शिकवण आपणांस लहानपणापासून आहे. यंत्राच्या बाबतीतही ती पाळावी. येथे दोन मापे लागतात. पहिले भिंतीवरचे, म्हणजे संपूर्ण यंत्र किती वीज घेते ते. दुसरे प्रोसेसरचे स्वतःचे.

भिंतीवरच्या मापासाठी प्लगमध्ये घालायचा लहान वॉटमापक बाजारात मिळतो. तो नसेल, तर घरचा वीज मीटरही चालतो. नव्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटास तो किती वेळा लुकलुकेल, तो आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा, तो 3200 आहे. घरातील फ्रिज, पंखे, दिवे व इन्व्हर्टर थोडा वेळ बंद करावेत, संगणकाचा पडदाही बंद करावा, आणि 10 मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. 16 वेळा लुकलुकला तर 30 वॉट. 32 वेळा तर 60 वॉट. 40 वेळा तर 75 वॉट. घरातील शाळकरी मुलास हे काम सांगावे. त्याचे गणितही पक्के होईल.

माप केव्हा घ्यावे, हेही महत्त्वाचे आहे. यंत्र सुरू होताच घेऊ नये. विंडोज प्रणाली सुधारणा उतरवून घेणे, फायलींची सूची करणे, विषाणूंची झडती घेणे असली कामे यंत्र रिकामे दिसले की करू लागते. सर्व कार्यक्रम मिटून यंत्रास 15 ते 20 मिनिटे स्वस्थ बसू द्यावे, आणि मग मोजावे. साधारणतः वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला कार्यालयीन संगणक, पडदा वगळून, रिकाम्या वेळी 20 ते 40 वॉटच्या दरम्यान राहतो. मोठे ग्राफिक्स कार्ड असेल तर 50 ते 70 वॉट होणे नवल नाही.

दुसरे माप प्रोसेसर स्वतःच सांगतो. एचडब्ल्यू-इन्फो नावाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यात 'सीपीयू पॅकेज पॉवर' ही ओळ पाहावी. मात्र हा कार्यक्रम दर क्षणी प्रोसेसरला विचारपूस करीत असल्याने तो स्वतःच त्याची झोपमोड करतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून 'झोप लागली का?' असे विचारीत राहणाऱ्या शुश्रूषकासारखे ते होते. म्हणून त्याच्या मांडणीत विचारण्याचे अंतर वाढवून 5 सेकंद करावे, आणि भिंतीवरचे माप घेताना तो पूर्ण बंद ठेवावा.

आता दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. भिंतीवर 75 वॉट आणि प्रोसेसर म्हणतो 10, तर प्रोसेसर निर्दोष आहे. अपराधी अन्यत्र शोधावा. भिंतीवर 75 आणि प्रोसेसर म्हणतो 40, तर त्याची झोप कोण मोडतो ते पाहावे. एवढ्या एका तुलनेने पुष्कळांचा नव्या प्रोसेसरचा खर्च वाचेल.

शोधाचा क्रम

पापनिवेदनास जाण्यापूर्वी आपण सदसद्विवेकाची तपासणी करतो. 'माझ्याकडून चुका झाल्या' एवढे मोघम म्हणून भागत नाही. एकेक गोष्ट नावाने आठवावी लागते. येथेही तसेच आहे. एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा मोजावे, आणि आकडा वहीत लिहावा. चार बदल एकदम केले, तर कोणता लागू पडला ते कधीच कळत नाही.

प्रथम कार्यक्रम पाहावेत. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'सीपीयू' ह्या मथळ्यावर टिचकी मारली म्हणजे सर्वांत खादाड कार्यक्रम वर येतो. ब्राऊझरच्या उघड्या राहिलेल्या डझनभर पानांत हलत्या जाहिराती चालू असतात. त्या हमखास सापडतात. 'सिस्टिम इंटरप्ट्स' ही ओळ सतत वर दिसत असेल, तर एखादे उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडला आहे असे समजावे. क्वचित एखादा दुष्ट कार्यक्रम दुसऱ्याच्या यंत्रावर गुपचूप आभासी चलनाची गणिते करीत असतो, आणि टास्क मॅनेजर उघडताच चोरासारखा स्तब्ध होतो. अशा वेळी मीटरचा दिवा खोटे बोलत नाही. टास्क मॅनेजर मिटताच लुकलुकणे वाढले आणि उघडताच कमी झाले, तर विषाणूंची झडती अवश्य घ्यावी.

दुसरे स्थान विंडोजच्या वीज-योजनेचे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडलेले असेल, तर प्रोसेसरचा किमान वेग शंभर टक्क्यांवर बांधलेला असतो. 'बॅलन्स्ड' निवडावे. घरगुती वापरात कामाच्या वेगात फरक जाणवत नाही.

तिसरे स्थान हाका मारणाऱ्यांचे. विंडोजचे अंतर्गत घड्याळ साधारणपणे सेकंदास 64 ठोके देते. परंतु एखादा कार्यक्रम सेकंदास 1000 ठोके मागू शकतो, आणि ज्याला दर ठोक्यास उठावे लागते त्याला गाढ झोप कशी लागावी? 2020 पर्यंतच्या विंडोजमध्ये अशी मागणी एकाने केली तरी ती सर्वांस लागू होत असे. त्या वर्षीच्या सुधारणेपासून हा जाच कमी झाला. असा कार्यक्रम शोधण्यासाठी विंडोजमध्येच एक तपासनीस आहे. प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञेची काळी खिडकी उघडावी. इंग्रजी 'पॉवर' हा शब्द, त्यास जोडून सी, एफ, जी ही अक्षरे, मग जागा सोडून तिरपी रेघ व 'एनर्जी' हा शब्द टंकावा. यंत्र 60 सेकंद निरीक्षण करते आणि एक अहवाल लिहून ठेवते. कोणी जलद ठोके मागितले, कोणते यूएसबी उपकरण विसावा घेत नाही, हे त्यात नावानिशी असते. ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी इंटेलने 2007 साली काढलेला पॉवरटॉप हा कार्यक्रम वापरावा. कोण सेकंदास किती वेळा उठवतो ते तो सांगतो.

अहवालात एखाद्या उपकरणाचे नाव निघाले, तर ते काढून पुन्हा मोजावे. छपाईयंत्र, जुना कॅमेरा, मोबाईल जोडण्याची तार, ही एकेक काढून पाहण्यास पैसा लागत नाही. विसावा न घेणारे एक यूएसबी उपकरणसुद्धा प्रोसेसरची खोल निद्रा अडवू शकते. पेटीतील ग्राफिक्स कार्ड किंवा वायफायचे कार्डही तसेच करू शकते.

चौथे आणि शेवटचे स्थान बायॉस, म्हणजे विंडोज येण्यापूर्वीची यंत्राची मूळ मांडणी. संगणक सुरू होताच 'डिलीट' किंवा 'एफ-2' हे बटण दाबीत राहिले की ती बहुधा उघडते. इंटेलच्या यंत्रात 'सी-स्टेट्स' आणि 'पॅकेज सी-स्टेट लिमिट', एएमडीच्या यंत्रात 'ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल' ही नावे शोधावीत. 'ऑटो' असे लिहिलेले दिसले तरी त्यावर विसंबू नये. पुष्कळ मदरबोर्डांवर त्याचा अर्थ 'बंद' असाच निघतो. ते 'एनेबल्ड' करावे. जुने यंत्र एखाद्या खेळवेड्या तरुणाकडून विकत घेतले असेल, तर त्याने वेगासाठी व्होल्टेज चढवून कायमचे बांधून ठेवले आहे काय, तेही पाहावे. वर सांगितलेला दीडाचा वर्ग येथे उपयोगी पडतो.

बायॉसमध्ये हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. महत्त्वाच्या फायलींची प्रत, विशेषतः धर्मग्रामाच्या नोंदींची, अन्यत्र काढून ठेवावी. प्रत्येक पानाचे मोबाईलने छायाचित्र घ्यावे, म्हणजे मूळ स्थिती विसरली जाणार नाही. यंत्रातील माहिती बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली असलेला लांब आकडा हाताशी ठेवावा; बायॉस बदलल्यावर विंडोज तो विचारू शकते. 'सर्व मूळ स्थितीत न्या' अशा अर्थाची कळ मात्र सहजासहजी दाबू नये. साठवणुकीच्या डिस्कची मांडणी तिने बदलली, तर विंडोज सुरूच होत नाही.

खोल निद्रा चालू केल्यावर यंत्र रिकाम्या वेळी गोठू लागले किंवा आपोआप बंद पडू लागले, तर हॅसवेल व रायझनची कथा आठवावी. ती कळ मागे घ्यावी आणि पॉवर सप्लाय तपासून घ्यावा. काही वॉटांसाठी अर्धवट राहिलेल्या नोंदी गमावणे शहाणपणाचे नव्हे.

जो दोषच नव्हे

इतके करूनही आकडा खाली येत नाही, असे घडते. तेव्हा हे जाणावे की प्रत्येक यंत्राचा एक स्वभाव असतो. एएमडीने जुलै 2019 मध्ये आणलेल्या रायझन 3000 ह्या मालिकेतील बहुतेक प्रोसेसर एकसंध नाहीत. हिशेब करणारे कोअर एका तुकड्यावर आणि स्मृती व इतर उपकरणांशी दळणवळण राखणारा भाग दुसऱ्या तुकड्यावर, अशी त्यांची रचना आहे. कोअर झोपले तरी हा दळणवळणाचा तुकडा बराचसा जागा राहतो. म्हणून अशा प्रोसेसरचे स्वतःचे माप रिकाम्या वेळीही 20 वॉटच्या आसपास राहणे हा बिघाड नव्हे. मेमरीचा वेग वाढवण्यासाठी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय चालू केली असेल, तर त्या तुकड्याचे व्होल्टेज वाढून आणखी काही वॉट जातात. घरगुती कामास तो वेग नको असेल, तर ती सोय बंद करून मोजून पाहावे.

तसेच पॉवर सप्लायचे. त्याच्या डब्यावर '80 प्लस' अशी मोहर असते. 2004 साली सुरू झालेल्या ह्या योजनेत मुळात 20, 50 व 100 टक्के भारावर परीक्षा घेतली जाई. 650 वॉटच्या डब्यावर 30 वॉटचा भार म्हणजे पाच टक्केसुद्धा नाहीत. तेवढ्या अल्प भारावर तो डबा बरीच वीज स्वतःच उष्णतेत घालवतो. दोन माणसांच्या भातासाठी लग्नघरचे पातेले चुलीवर चढवावे, तसा हा प्रकार. म्हणून नवा संगणक बांधून घेताना 'मोठा पॉवर सप्लाय बरा' हा सल्ला ऐकण्यापूर्वी आपली गरज किती, ते विचारावे. प्रोसेसरच्या खोक्यावरचा 65 वॉटचा आकडा मात्र विसाव्याचा नसतो. तो कामाच्या वेळी निघणाऱ्या उष्णतेच्या व्यवस्थेसाठी दिलेला असतो. त्यावरून रिकाम्या वेळेची तक्रार करू नये.

यंत्र कितीही गाढ झोपले, तरी पूर्ण बंद केलेल्या यंत्राची बरोबरी ते करू शकत नाही. अर्धा तास काम नसेल, तर विंडोजच्या 'स्लीप' ह्या सोयीत ते बहुधा दोन-चार वॉटांवर येते. रात्री ते बंदच करावे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात सृष्टीच्या जपणुकीसाठी घरगुती लहान कृतींचे महत्त्व सांगितले आहे, आणि त्यात अनावश्यक दिवे मालवण्याचा उल्लेखही आहे. कोणी काम करीत नसता चालू राहिलेला संगणक हाही एक अनावश्यक दिवाच होय.

परमेश्वराने सातव्या दिवशी विसावा घेतला आणि मनुष्यासही विसावा नेमून दिला. आपण तो अनेकदा मोडतो, आणि मग थकलेल्यासच दोष देतो. मार्थेच्या घरची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. तिचे कष्ट खरे होते, परंतु अनेक गोष्टींच्या ओढीने तिच्या जिवास स्वस्थता नव्हती. घरातील एखादे माणूस सदा चिडलेले, सदा शिणलेले दिसले, तर त्यास बोल लावण्यापूर्वी त्यास कोण सारखे हाका मारीत आहे, ते पाहणे बरे. यंत्राच्या निमित्ताने एवढी सवय अंगी लागली, तरी पुष्कळ झाले.

येत्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर एक कागद घ्या. त्यावर तारीख, मीटरचे लुकलुकणे, त्यावरून काढलेले वॉट आणि केलेला बदल असे चार रकाने आखा, आणि पहिली ओळ काहीही न बदलता भरा. पुढे दर बदलास एक ओळ. तो कागद संगणकाच्या पेटीवर चिकटवून ठेवा. कधी कारागिरास बोलवावे लागले, तर प्रथम तोच त्याच्या हाती द्या. प्रोसेसर बदला, असे त्याने म्हटल्यास कोणत्या ओळीवरून म्हणता, एवढे नम्रपणे विचारा.